ज्याची गोळी, त्याचं डुक्कर

डार्विनच्या पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवर आणि चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी चढते. कुणी मुद्दाम लावत नाही, पण दार उघडावं तर ती असतेच! आमच्या शनिवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठत गेले. खरं तर आम्ही गेलो होतो आंबे तोडायला. दीड वर्षाने बघते तर घरात कुलूपबंद कपाटात एक रायफल, खांद्यावर कायमचा एक डाग आणि डोक्यात इतके किस्से, की परवा एका बार्बेक्यूला सांगत बसले तर सॉसेजेस करपली तरी कुणी जागचं हललं नाही. म्हटलं, आता लिहूनच काढूया.

*

सुरुवात कोविडच्या पहिल्या वर्षातली. बॉर्डर बंद झाली आणि दरवर्षी आंबे तोडायला जगभरातून येणारी बॅकपॅकर मंडळी आलीच नाहीत. शहराबाहेर दोन तासांवर केव्हची आंब्याची मोठी बाग आहे. केव्ह सत्तरीचा, तरुणपणी रानटी रेड्यांची शिकार करून मांस विकणाऱ्या कँपवर कामाला होता, आणि बोलतो इतकं कमी की फोनवर त्याच्याशी बोलताना लाइन कट झाली असं वाटतं. त्याने फेसबुकवर दोनच शब्द टाकले, "हात हवेत."

आम्ही गेलो. मी, म्हणजे अनघा, मूळची डोंबिवलीची, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. माझा नवरा समीर. आमचा मित्र विद्याधर, कोथरूडचा, सरकारी खात्यात आयटीवाला. आणि विद्याधरची आई सुलभाकाकू. काकू फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या आणि विमानंच बंद झाली. त्यांचं परतीचं तिकीट चार वेळा कॅन्सल झालं. त्यांची बॅग भरलेलीच असायची. रोज सकाळी त्या तिच्यातून एक साडी काढायच्या आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायच्या.

पहिल्याच दिवशी केव्हने कौतुकाने एक आंबा कापून विद्याधरच्या हातात दिला. विद्याधरने डोळे मिटून, अगदी न्याय देत देत खाल्ला.

"चांगला आहे," तो म्हणाला, "पण ह्याला मँगो का म्हणता?"

"मग काय म्हणायचं?" केव्हने विचारलं.

"फ्रूट!"

पुढच्या शनिवारी गेलो तर फाटकावर 'आंबे विकत मिळतील' ही नेहमीची पाटी होती आणि तिच्याखाली खडूने लिहिलेलं होतं, 'इंडियन लोकांच्या मते फळं.'

*

मग डुकरं आली. एका शनिवारी बघतो तर ठिबकचे पाइप उखडलेले, खालच्या फांद्या मोडलेल्या आणि पाडाला आलेले आंबे अर्धे खाऊन टाकलेले. इथली रानडुकरं म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. मोठा नर शंभर किलोच्या वर जातो आणि त्याचे सुळे माणसाची मांडी फाडू शकतात. केव्हच्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्याला रायफल लावता येत नव्हती. तेव्हा त्याने आमच्याकडे बघितलं. समीरने ताबडतोब सांगितलं, "मी आंबे तोडतो." उरलो मी आणि विद्याधर.

केव्हने अट एकच घातली. त्याला एका दमात इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"यू हिट हिम, यू फाइंड हिम. जखमी डुक्कर झाडाखाली सावलीत जाऊन बसतं. सोमवारी माझी माणसं त्याच झाडाखाली वाकून आंबे काढतात. ज्याची गोळी, त्याचं डुक्कर. ते सापडेपर्यंत फाटकाबाहेर जायचं नाही. अगदी राणीने चहाला बोलावलं तरी!"

मी काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी मान डोलावली.

"माणूस कामाचा दिसतो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून केव्ह त्यांच्यासाठी 'केव्हिनराव' झाला आणि काकू त्याच्यासाठी 'काकू, मेट' झाल्या. इथे दोस्ताला 'मेट' म्हणतात.

*

लायसन्ससाठी सेफ्टी कोर्स करावा लागतो आणि शेवटी लेखी परीक्षा असते. वर्गात आम्ही आठ जण, सगळे दीड मीटर अंतराने. सात जणांचा पेपर वीस मिनिटांत झाला. विद्याधर लिहितोय, लिहितोय, पुरवणी मागतोय!

ज्याच्यात उत्तरावर नुसती खूण करायची, त्या पेपरला पुरवणी कशाला हे मास्तरांना कळेना. मास्तर म्हणजे एक दाढीवाले, गुबगुबीत, अत्यंत शांत गृहस्थ. त्यांनी जाऊन बघितलं तर विद्याधरने सगळी उत्तरं बरोबर दिली होती आणि वेगळ्या कागदावर प्रश्न सात, अकरा आणि चौदा यांतल्या चुका लिहून काढल्या होत्या. "अकराव्या प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर येतात. चौदाव्याला एकही येत नाही." खाली सुधारित प्रश्नही दिले होते.

मास्तरांनी कागद वाचला, पेपर वाचला, पुन्हा कागद वाचला. आता ह्याचं लायसन्स गेलं, मला वाटलं.

मास्तर म्हणाले, "मेट, एकोणीस वर्षं मी ही परीक्षा घेतोय. पेपरलाच नापास करणारा तू पहिला!"

*

आता रायफल घ्यायची. माझं सोपं होतं. केव्हने सांगितली ती घ्यायची. त्याने जड गोळीची, दणकट रायफल सांगितली आणि मी ती घेतली.

विद्याधरने मात्र एक्सेल उघडलं. तेवीस रकाने! वजन, धक्का, आवाज, वॉरंटी, लाकडी दस्त्याला बुरशी लागते का, इथपर्यंत सगळं. तीन आठवडे आम्हाला रोज नवी शीट यायची. शेवटी त्याच्या शीटमध्ये पहिली आली ती एक हलकी, देखणी, बारीक गोळीची रायफल. तिला धक्का जवळजवळ नाही, आणि विद्याधरच्या खांद्याला तर गाडी रिव्हर्स घेतानाही त्रास होतो.

दुकानात निम्मे रॅक रिकामे होते, कारण जहाजंच येत नव्हती. विद्याधरने सेल्समनला दीड तास प्रश्न विचारले. सेल्समनचा मास्क हळूहळू नाकाखाली, मग हनुवटीखाली आला. काकू स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अनघा, त्याला विचार, मोठं डुक्कर ह्या बंदुकीने एका गोळीत जातं का?"

मी विचारलं. दीड तासात पहिल्यांदाच सेल्समन सावरून उभा राहिला. "छोटं जाईल. मोठ्या नराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते. तिथे ही गोळी आत पोचेलच असं नाही."

"विद्या, तुझ्या कागदात हा रकाना कुठाय?" काकूंनी विचारलं.

"आई, ते सब्जेक्टिव्ह आहे."

"मग एकदा डुकराला विचारून बघ सब्जेक्टिव्ह आहे का ते!"

तरी त्याने तीच घेतली. केव्हने ती हातात घेऊन इकडून तिकडून बघितली, म्हणाला, "हिने छोटी मार. मोठा आला तर हात लावू नकोस. माझी रायफल गाडीत आहे, मला सांग, ती घे." विद्याधर हो म्हणाला. तेवीस रकाने भरलेला माणूस असं काही मनापासून थोडंच ऐकतो!

*

माझ्या दणकट रायफलीचा धक्का मात्र दणकट निघाला. पहिल्या शनिवारी रेंजवर वीस गोळ्या झाडल्या आणि रविवारी सकाळी उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा! सोमवारी लॅबमध्ये कोट चढवताना माझी मैत्रीण ट्रेसी हिने तो पाहिला. अर्ध्या तासाने मला स्टोअररूममध्ये घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "अनघा, घरी सगळं ठीक आहे ना? लॉकडाऊनमध्ये पुष्कळांचं बिघडलंय. माझ्याकडे ये, खोली रिकामी आहे."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा असं हसू फुटलं की तिला वाटलं मी रडतेय. तिने मला मिठी मारली, तीही नेमकी उजव्या बाजूने! मी कळवळले. तिची खात्रीच पटली.

संध्याकाळी ट्रेसी थेट घरी हजर. दार उघडलं समीरने. अंगात एप्रन, हातात झारा, कपाळावर पीठ. तो कांदाभजी तळत होता. ट्रेसीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत येऊन माझ्या कानात विचारलं, "हा?"

मी तिला टार्गेटचा कागद दाखवला. वीसपैकी सतरा भोकं मधल्या गोलात.

"हे तू केलंस?"

"मी."

ट्रेसीने पुन्हा एकदा समीरकडे बघितलं. "मग खोली त्याच्यासाठी तयार ठेवते!"

*

बातमी भारतात पोचलीच. साताऱ्याच्या माझ्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला. त्या दिवशी काकूही आमच्याकडेच होत्या.

"बंदूक घेतलीस म्हणे! तिकडे अस्वलं फार असतील ना?"

"आत्या, ऑस्ट्रेलियात अस्वल नसतं."

"मला शिकवू नकोस. कोआला बेअर कोण मग?"

माझी लेक ईरा तिथेच होती. "आजी, कोआला इज नॉट अ बेअर! इट्स अ मार्सुपिअल! पोटाला पिशवी असते त्याच्या!"

"काही का असेना," आत्या म्हणाली, "त्या अस्वलाला मारलंस तर माझ्याशी बोलू नकोस. किती गरीब दिसतं ते!"

काकूंनी फोन हातात घेतला. "अहो, खरं अस्वलही गरीबच असतं. जखमी होईपर्यंत."

काकू विदर्भातल्या वनखात्याच्या एका कचेरीत तीस वर्षं क्लार्क होत्या. नुसत्या टेबलावरच्या क्लार्क नाहीत, साहेबांबरोबर जंगलात जाऊन पंचनामे लिहायच्या. त्यांनी आत्याला सांगितलेली गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. एका माणसाने चोरून सशासाठी ठासणीच्या बंदुकीत बारीक छर्रे भरले होते. समोर आलं अस्वल. ह्याने घाबरून बार काढला. अस्वल ओरडत झाडीत गेलं आणि हा घरी जाऊन जेवला. कुणाला एक शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी एक बाई मोहाची फुलं वेचायला त्या वाटेने गेली. जीव वाचला तिचा, एक डोळा गेला.

"मी त्या माणसाला विचारलं, दोन दिवस काय करत होतास? म्हणतो कसा, 'बाई, मला वाटलं मेलं असंल.' पंचनाम्यात तारीख असते, ठिकाण असतं, खुणा असतात. 'वाटलं' असा रकाना नसतो. तो अस्वलाला चुकून भेटला, ते मी समजू शकते हो. पण घरी जाऊन जेवला कसा?"

मला त्या बाईचा डोळा दिसायला लागला होता. ईरा मला येऊन चिकटली.

मग आत्याचा आवाज आला, "अनघाला सांगा, मारायचंच असेल तर चांगला चष्मा लावून मार म्हणावं."

*

पहिले चार शनिवार एक डुक्कर दिसलं नाही. पहाटे जायचं, मचाणासारख्या एका लाकडी फळीवर बसायचं आणि डास मारून परत यायचं. केव्हला कळेना. पाऊलखुणा ताज्या, उकरलेली माती ताजी, मग डुकरं जातात कुठे?

पाचव्या शनिवारी तो आमच्याबरोबर येऊन बसला. दहा मिनिटांनी त्याने हात वर केला आणि कान टवकारले. "हा आवाज कसला?"

विद्याधरचं तोंड हलायचं थांबलं. काकूंनी दिलेल्या चकल्या!

केव्हने एक मागून घेतली, चावली आणि त्या आवाजाने स्वतःच दचकला. पण त्याने पूर्ण खाल्ली. मग परत येऊन काकूंना गंभीरपणे म्हणाला, "काकू, मेट, व्हेरी गुड. बट टू लाउड."

पुढच्या शनिवारपासून डब्यात बेसनाचे लाडू यायला लागले आणि त्याच दिवशी मी पहिलं डुक्कर मारलं. छोटं होतं, एका गोळीत गेलं. केव्हने मला हॅट काढून दाखवली आणि काकूंना सांगितलं, "सायलेंट फूड!"

*

आणि आता तो शनिवार.

दुसरं वर्ष, हंगाम अगदी तोंडावर. आंबे तोडायला पॅसिफिक बेटांवरून आलेल्या वीस जणांचं क्वारंटाइन संपलं होतं आणि सोमवारी सकाळी ते केव्हकडे कामाला लागणार होते. समीर आणि ईरा घरी होते. बागेत मी, विद्याधर, काकू आणि केव्ह.

मास्कचा नियम नुकताच आला होता. मोकळ्या रानात, आसपास चिटपाखरू नसताना विद्याधरने मास्क लावला होता. नियम म्हणजे नियम. पहाटेचा दमटपणा, मास्कमधून वर येणारा श्वास आणि डोळ्यावर चष्मा! मी म्हटलं, "अरे, तुला दिसतंय का?" तो म्हणाला, "पुरेसं."

आणि मोठा नर आला. मी डुकरं पुष्कळ बघितली होती, पण एवढा मोठा कधीच नाही. मी कुजबुजले, "केव्हला हाक मार." विद्याधर म्हणाला, "तोपर्यंत जाईल," आणि त्याने त्या देखण्या, हलक्या रायफलीचा बार काढला.

डुक्कर किंचाळलं, गर्रकन फिरलं आणि झाडांच्या ओळींतून पसार झालं. केव्ह धापा टाकत आला.

"लागली! मी पाहिलं!" विद्याधर ओरडला.

"कुठे?"

"डुकराला!"

केव्हने त्याच्याकडे इतका वेळ नुसतं बघितलं की विद्याधरने आपण होऊन मास्क काढला. चष्मा पुसला. मग खाली बघितलं. मातीत रक्त होतं, पण थोडंसंच. त्याचा चेहरा उतरला. "माझं चुकलं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात काकू आल्या. हातात पॅड आणि बॉलपेन. "कुणी पुढे पाय टाकायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी पंचनामा."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. घाईत माणूस खुणा तुडवतो."

आणि त्या पदर खोचून खाली बसल्या. वेळ लिहिली. रक्ताचा रंग लिहिला. गडद, फेस नाही, म्हणजे छातीत लागलेली नाही. हाडाचा एक पांढरा कपचा मिळाला, तो लिहिला. इथून पुढे खूर तीनच उमटलेत आणि चौथा घासत गेलाय, म्हणजे पुढचा डावा पाय. केव्ह त्यांच्या मागे वाकून बघत होता. मी भाषांतर करत होते आणि दर वाक्याला त्याच्या भुवया आणखी वर जात होत्या.

"पंच म्हणून सह्या करा," काकूंनी फर्मावलं. मी केली. केव्हनेही केली, एक अक्षर वाचता येत नसताना!

नेमकं तेव्हाच गाडीतल्या रेडिओवर जाहीर झालं. दुपारी एकपासून तीन दिवस लॉकडाऊन. जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं, शेतीची कामं तेवढी चालू राहणार.

मी हॉस्पिटलची. माझ्याकडे पत्र होतं, मी कधीही जाऊ शकत होते. पण विद्याधरला एकच्या आत घरी पोचायचं तर अकराला निघायला हवं. हा माणूस रस्त्यात एकही गाडी नसताना सिग्नलला थांबतो. त्याने घड्याळ बघितलं. आईकडे बघितलं. काकू रक्ताच्या थेंबांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हा म्हणणार, मेलं असेल.

"केव्ह," विद्याधर म्हणाला, "मी आणि आई तीन दिवस तुझ्याकडे राहू शकतो का?"

"नो वरीज," केव्ह म्हणाला आणि गाडीतून आपली जुनी, जड रायफल काढून त्याच्या हातात दिली.

आठ तास! पुढे विद्याधर, त्याच्या बाजूला मी रायफल घेऊन, मागे केव्ह आणि त्याच्या मागे नववारीसारखी साडी खोचलेल्या काकू. चाळीस डिग्री उन्हात एकेक थेंब शोधत चाललोय. थेंब संपले तर काकू म्हणायच्या, "थांबा, मागच्या खुणेवर परत या," आणि गवताच्या पात्यावर घासलेला चिखल दाखवायच्या. एकदा आम्ही गोल फिरून पुन्हा ठिबकच्या टाकीपाशीच आलो. मला हसू आवरेना आणि रडूही. विद्याधरच्या खांद्यावर ती रायफल रुतत होती, पण तो कुरकुरला नाही. मध्येच लाडू वाटले गेले.

चारच्या सुमाराला ओढ्याच्या अलीकडे पँडानसची दाट झुडपं लागली. काकू म्हणाल्या, "केवडाच आहे हा. ह्याच्या आत आहे तो. माश्या बघा."

आतून धाप ऐकू आली. मग तो बाहेर आला, तीन पायांवर, सरळ आमच्याकडे. माझ्या रायफलीची नळी वर गेली, पण माझ्या आधी विद्याधरचा बार झाला. एकच. डुक्कर जागच्या जागी बसलं आणि मग आडवं झालं.

विद्याधर तिथेच मातीत बसला. त्याचा चष्मा पुन्हा धुकटला होता आणि ह्या वेळी मास्क नव्हता. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग पॅड काढलं.

"वेळ?"

"चार वाजून बारा," तो नाक ओढत म्हणाला.

"कारण काय लिहू? चष्मा, मास्क, का रायफल?"

"माझं नाव लिही, आई."

त्यांनी लिहिलं. सही घेतली. आम्ही परत येऊन केव्हच्या व्हरांड्यात बसलो, चहा झाला. लॉकडाऊन सुरू होऊन चार तास झाले होते, रस्त्यावर एक गाडी नव्हती. मी निघायच्या बेतात होते. केव्ह मघापासून काकूंच्या पॅडकडे बघत होता.

"काकू, मेट," तो म्हणाला, "तुम्ही जुन्या केसेस घेता का?"

मी भाषांतर केलं. काकूंनी चष्मा वर सरकवला. "किती जुन्या?"

"पंचेचाळीस वर्षं."

मग त्याने सांगितलं. रेड्यांच्या कँपवर त्याने एक रेडा जखमी केला. अंधार पडत आला होता, मांसाचा ट्रक निघत होता. तो ट्रकमध्ये चढला. कुणाला बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचा जोडीदार रॉय पाणी आणायला गेला, झाडीतून तो रेडा आला आणि रॉयचा पाय तीन ठिकाणी मोडला. रेड्याला मग कँपवरच्या बाकीच्यांनी मारलं. रॉय जन्मभर लंगडतोय. "त्याला कधी सांगितलं नाही. दर ख्रिसमसला आंब्यांची पेटी पाठवतो."

काकूंनी नवा कागद काढला. नाव, ठिकाण, जनावर, सगळं विचारून लिहिलं. खाली त्याची सही घेतली. पंचांच्या जागी एक रेघ मारून ती रिकामी ठेवली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"धिस साइन," काकू म्हणाल्या, "रॉय."

केव्हने हॅट काढून बाजूला ठेवली. मग त्याने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. चार रिंग झाल्या. विद्याधरची बारकी, देखणी रायफल कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती.

"रॉय? केव्ह बोलतोय. तुझ्या पायाबद्दल आहे. तो रेडा..."

"माहितीये," तिकडून म्हातारा आवाज आला. "मांस कापताना गोळी मिळाली होती आत. एवढी बारकी गोळी वापरणारा शहाणा त्या कँपवर दुसरा कोण होता, मेट?"